सरावाच्या सायकलीचीं चाकें

खोपोलीहून शिंग्रोबाच्या देवळावरून खंडाळ्यास चढणारी बोरघाटाची जुनी वाट सायकलस्वारांना फार दिवसांपासून परिचयाची आहे. मुंबई-पुणे सायकल शर्यतींत हा घाट जो प्रथम चढून जातो, त्यास ‘घाटाचा राजा’ म्हणतात. द्रुतगति-मार्गावर सायकलीस मज्जाव असल्यामुळें आजहि स्वार या जुन्याच वाटेनें जातो. शर्यत वर्षांतून एकदां. सराव मात्र बारमहा, आणि तो कर्जत-चौक, कर्जत-खोपोली अशा रस्त्यांवर, किंवा नेरळहून दस्तुरी नाक्यापर्यंतच्या उभ्या चढावर. या रोजच्या कष्टासाठीं चाकें कोणतीं घ्यावींत, हा प्रश्न हौसेचा नव्हे. घाटाच्या उतारावर सायकल भरधांव सुटली म्हणजे स्वाराचा जीव त्या दोन चाकांवरच अवलंबून असतो.

पूर्वीच्या सायकलींत ब्रेकाचे रबरी गट्टे रिमेवरच घासत. पावसाळ्यांत भातखाचरांच्या कडेचा चिखल व वाळू त्यांत शिरे, आणि कानशीनें घासावी तशी रिम झिजे. डिस्क ब्रेकामुळें ही झीज थांबली. २०१८ सालीं आंतरराष्ट्रीय सायकल संघानें रस्त्यावरील शर्यतींतहि त्यास मान्यता दिली. परंतु एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. हा ब्रेक चाकाच्या मध्यावर, म्हणजे हबाशीं धरतो. बैलगाडीच्या चाकास जो तुंबा, तोच सायकलीचा हब. तेथून रस्त्यापर्यंत थांबविण्याचा सारा जोर तारांनाच पोंचवावा लागतो. म्हणून तारा हबापासून सरळ किरणांप्रमाणें न जातां, एकमेकींना छेदीत तिरप्या विणलेल्या असाव्यात. आणि पुढच्या चाकासहि तोच नियम.

आतां तारा किती? किलोमीटरभर अंतरांत चाकाचे सुमारें पावणेपांचशें फेरे होतात, आणि प्रत्येक फेऱ्यांत प्रत्येक तार एकदां सैलावते व पुन्हां ताणली जाते. तार तुटते ती बहुधां एका धक्क्यानें नव्हे, तर या अखंड सैल-ताण होण्यानें, आणि तीहि हबाजवळच्या वळणापाशीं. सैल बांधलेलें चाक त्यामुळेंच लौकर दगा देतें. वीस तारांच्या चाकांतील एक तुटली कीं चाक इतकें ‘आऊट’ होतें कीं तें फ्रेमला घासूं लागतें. बत्तीस तारांचें चाक मात्र स्वारास सावकाश घरीं आणून सोडतें. हलक्या अंगाच्या मनुष्यास अठ्ठावीस पुरतात. ऐंशी किलोंच्या वरच्या मनुष्यानें बत्तिसांखालीं जाऊं नये.

वजनाचा मोह मात्र विलक्षण आहे! शर्यतीचीं कार्बनचीं चाकें सरावाच्या साध्या चाकांहून सुमारें अर्धा किलो हलकीं असतात. स्वार व सायकल मिळून ऐंशी किलो धरले, तर हा फरक एक टक्काहि होत नाहीं. तासाभराच्या चढावर त्यानें वीस-बावीस सेकंद वांचतील. सरावांत तेवढ्यासाठीं दामदुप्पट मोजणें शहाणपणाचें नाहीं. तो पैसा हबांत व तारांत घालावा: मध्यें बारीक केलेल्या स्टेनलेस पोलादी तारा, आणि निपलें ॲल्युमिनियमचीं नव्हेत, पितळेचीं, कोंकणच्या दमट हवेंत ॲल्युमिनियमचें निपल गंजून तारेला असें चिकटतें कीं पुढें तें फिरतच नाहीं. हबाचीं बेअरिंगें सीलबंद असावींत, पण बाजारांत सर्वत्र मिळणाऱ्या मापाचीं. जून ते सप्टेंबर हा काळ त्यांचा खरा कर्दनकाळ होय. पाऊस संपतांच तीं उघडून पाहावींत. आंसाचें माप फ्रेमला जुळतें कीं नाहीं, हें पैसे देण्यापूर्वीं पाहिलेंच पाहिजे. बहुतेक नव्या सायकलींस पुढें शंभर व मागें एकशें बेचाळीस मिलिमीटर मापाच्या हबाचा आरपार आंस लागतो. खड्ड्यांच्या रस्त्यांसाठीं अठ्ठावीस ते बत्तीस मिलिमीटर रुंदीचा टायर ज्या रिमेवर नीट बसेल, तीच रिम घ्यावी.

विशिष्ट कारखान्याच्याच खास तारा लागणारें चाक दिसण्यांत सुबक असतें. परंतु त्याची एक तार तुटली कीं ती परगांवाहून येईपर्यंत सायकल भिंतीशीं टेकून राहते, आणि ऐन हंगामांतला सराव बुडतो. साध्या वांकड्या डोक्याच्या तारेचें चाक गांवांतला चांगला कारागीरहि बांधूं शकतो. नवें चाक दोनतीनशें किलोमीटर चालल्यावर त्याच्याकडून एकदां आऊट काढून तारा सारख्या ताणून घ्याव्यात, आणि योग्य लांबीच्या दोन जादा तारा निपलांसकट सायकलीच्या नळीस चिकटपट्टीनें बांधून ठेवाव्यात.