रणावरची माणसे आणि घरची ट्रंक
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला बाहेरच्या कोणी शिकलेल्या बाई बोलवायच्या, असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव घातले. मी सातवी पास. पोलादपूरकडच्या वाडीत जन्मले आणि महाडात दिली. पापडांचा हिशेब सांग म्हणाल्या असत्या तर उभ्या उभ्या सांगितला असता. पण विषय दिला ‘युद्धातली आणि शांततेतली माणसे’. तेव्हा आधी मला हसूच आले. मग आमच्या घरची ट्रंक आठवली आणि हसू मावळले. त्या ट्रंकेचे पुढे सांगते.

आमचे आजेसासरे मराठा पलटणीत होते. दुसऱ्या महायुद्धात इटलीत गेले आणि तीन वर्षांनी परत आले. मी लग्न होऊन आले तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. ओटीवर बसून सुपारी कातरीत असायचे. पोरे विचारीत, “आजोबा, लढाई कशी असते?” तर म्हणायचे, “थंडी फार.” बस्स, इतकेच. तीन वर्षांची लढाई दोन शब्दांत संपवायचे आणि पुन्हा अडकित्ता हातात घ्यायचे.

आपल्याकडे अशी घरे कमी नाहीत. या सभेतच फौजी आंबवड्याच्या दोघीजणी बसल्या आहेत. त्यांच्या तर गावाच्या नावातच फौज आहे. पण किती घरांत कोणी काही लिहून ठेवले आहे, ते ज्याने त्याने मनाशी आठवावे.

माणगावला यशवंतराव घाडगे यांचा पुतळा आहे. एस.टी.तून जाता-येता आपण हात जोडतो. ते माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. १९२१ चा जन्म. पाचव्या मराठा पलटणीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये नाईक होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला, आणि घाडगे सोडून तुकडीतला प्रत्येक जण पडला, कोणी ठार, कोणी जखमी. ते एकटे धावून गेले. हातबाँब टाकून मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली. बंदुकीत पुन्हा गोळ्या भरायला सवड नव्हती, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्याच घावांनी मारले. जिंकलेल्या त्याच जागी शत्रूच्या लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून त्यांनी प्राण सोडला. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कॅसिनोच्या स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे, आणि २०२३ साली इटलीतल्या मोंटोने गावी त्यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारले. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे शब्द त्यावर आहेत.

हे सारे सरकारी कागदात आहे. पण १० जुलै म्हणजे इकडे लावणीचे दिवस. चिखलात वाकून रोपे लावताना घरच्यांच्या मनात त्या दिवशी काय होते, तार कोणी वाचून दाखवली, हे कुठल्या कागदात असायचे? पुतळ्याला नमस्कार करता येतो, त्याला विचारता काही येत नाही.

आता जरा लांब जाते, क्षमा असावी. माझी पुतणी पुण्यास ग्रंथालयाचे शिक्षण घेते. दिवाळीत आली होती, तेव्हा मी तांदूळ निवडीत होते आणि ती मला कॅनडातल्या एका लेखकाची हकीकत सांगत होती. फार्ली मोवॅट त्याचे नाव. तोही १९२१ सालचा, म्हणजे घाडग्यांच्या बरोबरीचा. तोही इटलीतच लढला. १९४३ च्या डिसेंबरात ऑर्टोना गावासाठी कॅनडाचे लोक लढत होते, तेव्हा शेजारच्या आघाडीवर आपली आठवी हिंदी डिव्हिजन होती. पुढच्या मे महिन्यात कॅसिनोजवळची नदी ओलांडताना तर कॅनडाचे रणगाडे आपल्या पलटणींच्या मदतीला होते. म्हणजे तीच थंडी आणि तोच चिखल.

तो मुलगा जिवंत घरी गेला आणि मोठा लेखक झाला. पण लढाईच्या आठवणींचे पुस्तक लिहायला त्यालासुद्धा १९७९ साल उजाडले! पस्तीस वर्षे गेली. पुढे १९९२ साली ‘माय फादर्स सन’ हे दुसरे पुस्तक काढले, त्यात त्याची आणि आईबापांची लढाईच्या दिवसांतली पत्रे छापली. बाप ग्रंथपाल, शिवाय पहिल्या महायुद्धात स्वतः लढून आलेला. मुलगा काय बोलतो आहे आणि काय गिळतो आहे, हे त्या बापाला कळत असणार. आणि मुख्य म्हणजे पत्रे राहिली होती.

हे ऐकले आणि माझ्या हातातले सूप खाली राहिले. कारण पत्रे आमच्याकडेही होती.

आजेसासऱ्यांची इटलीहून आलेली पत्रे पत्र्याच्या ट्रंकेत फडक्यात बांधलेली होती. मी नवी नवरी असताना सासूबाईंनी दोन वाचून दाखवली होती. सेन्सॉरच्या धाकाने लढाईचा शब्द नाही. मी खुशाल आहे, तुमची खुशाली कळवणे, मनीऑर्डर पोचली का, आणि तांबडी गाय व्याली का. मला वाटले, यात काय आहे? “पुढे सवडीने वाचू” म्हणून गाठोडे परत ठेवले. ती सवड मला वीस वर्षांत झाली नाही. सवयीप्रमाणे ट्रंक खालच्या खोलीत, शिलाईमशीनखाली राहिली.

२२ जुलै २०२१ ची रात्र तुम्हां कोणाला सांगायला नको. सावित्री आणि गांधारी दोघी बाजारपेठेत शिरल्या. आम्ही मामंजींना उचलून वर नेले, धान्याचे डबे नेले, टीव्हीसुद्धा नेला. ट्रंक कोणाला आठवली नाही. तिसऱ्या दिवशी उघडली तर आत चिखलाचा गोळा. त्याच दिवशी तळिये गावावर दरड येऊन माणसे गेली होती, पोलादपूर तालुक्यातही गेली होती. तिथे कागदांसाठी कसली रडणार? मी गोळा गप्प उचलून टाकला. टीव्ही मात्र वाचला. त्याचे मला अजून बरे वाटत नाही.

असो. आपल्या जिल्ह्यात लिहून ठेवणारे कोणी झालेच नाहीत, असे मात्र नाही. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घरचे कर्ज फेडायला म्हणून निघाले. मथुरेला बायजाबाई शिंदे यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, एवढाच हिशेब. आणि सापडले नेमके बंडात. झांशीला वेढा पडला तेव्हा ते किल्ल्याच्या शहरात होते. लूट आणि कत्तल डोळ्यांनी पाहिली, वाटेत पुन्हा पुन्हा लुबाडले गेले. काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी राणी लक्ष्मीबाई भेटली. अंगभर धूळ आणि घशाला कोरड. हे पाणी काढून देऊ लागले, तर तिने विद्वान ब्राह्मणाला ते करू दिले नाही. दोरी स्वतः घेतली. अशी राणी आपल्याला कुठल्या पुतळ्यात दिसते? शेवटी भटजी घरी आले ते पैसा घेऊन नव्हे. गंगेची कावड घेऊन आले आणि आईबापांना त्या पाण्याने स्नान घातले.

पण तेही आपणहून लिहायला बसले नव्हते. चिंतामणराव वैद्यांनी सांगितले, की हे लिहा. म्हणून पंचवीसेक वर्षांनी ‘माझा प्रवास’ लिहिला, आणि छापून निघाला १९०७ साली, तेव्हा भटजी हयात नव्हते. वैद्यांनी विचारले नसते तर ती राणी त्या विहिरीवरच राहिली असती.

आजेसासऱ्यांना मी विचारले नाही. आजेसासूबाईंना तर कोणीच नाही. तीन वर्षे त्या माउलीने एकटीने नाचणी, वरी आणि गुरे सांभाळली. आम्ही सारे ‘आजोबा लढाईत होते’ म्हणतो, ‘आजी घरी होती’ असे कोणी म्हणत नाही.

म्हणून दिवाळीनंतर मी एक शंभर पानी वही आणली आणि मामंजींपुढे बसले. त्यांचे वय चौऱ्याऐंशी. वडील लढाईवरून आले तेव्हा ते पाच वर्षांचे होते. आधी म्हणाले, “सूनबाई, मला काय आठवणार?” मग आठवायला लागले. संध्याकाळची वेळ होती, खाकी कपड्यातला माणूस वाडीची चढण चढून आला, आणि हे भिऊन गोठ्यात लपले. आई म्हशीला पेंढा घालीत होती. ती धावत पुढे आली नाही. उरलेला पेंढा घातला, हात धुतले, मग बाहेर गेली. त्यानंतर कित्येक महिने वडील घरात निजत नसत. दार लावलेले त्यांना खपत नसे. अंगणात पलटणीची घोंगडी पांघरून पडत, आणि आई उंबऱ्याशी निजे, दार उघडे टाकून, थंडीपावसातसुद्धा.

‘थंडी फार’ हे शब्द मला त्या दिवशी निराळे ऐकू आले.

अर्ध्या तासात मामंजी थकतात, मग मीही वही मिटून डाळ शिजवायला उठते. आजवर अकरा पाने झाली आहेत. परवा तांबड्या गाईचे विचारले. ती व्याली होती आणि पाडी झाली होती. आजेसासूबाईंनी शाळामास्तरांकडून तसे पत्रही लिहवून घेतले होते. ते इटलीला पोचले की नाही, हे मामंजींना ठाऊक नाही.