खालीं दुकान, वर घर

इ. स. १८१९ मध्यें कॅप्टन ब्रिग्ज यांनीं धुळें हें खानदेशचें मुख्य ठाणें केलें, तेव्हां तेथें अवघीं ४०१ घरें व २,५०९ माणसें होतीं. दूरचे कारागीर आणवून कचेऱ्या उभारल्या गेल्या. घरांस जागा कायमची बिनभाड्यानें मिळाली, पक्क्या बांधणीसाठीं आगाऊ रकमाही मिळाल्या. मात्र तें गांव नदी व पाट यांमध्यें, बागाइतानें वेढलेलें होतें. वस्ती वाढावयाची तर जागा अपुरी, हा पेंच आरंभींच होता.

याच जिल्ह्यांत कान नदीकांठीं, सुरत–नागपूर रस्त्यावर साक्री वसली आहे. अशा हमरस्त्यावरील गांवांत खालीं दुकान व वर घर ही बांधणी धन्यास दुहेरी सोयीची असते. परंतु काम चालू असतां रेतीचे ढीग गटारांत उतरतात, आणि पायाचा खड्डा बेतानें न खणल्यास शेजारच्या मातीच्या भिंतीस तडे जातात. इमारत धन्याची, पण तिचा उपसर्ग गल्लीचा!

पांझरेच्या फडपद्धतींत पाणी वांटण्यास पाटकरी असे, व पाटाची डागडुजी सर्व शेतकरी मिळून करीत. तोच रिवाज बांधकामास लावावा. पाया खणण्यापूर्वीं सांडपाण्याचा उतार शेजाऱ्यांसमक्ष ठरवावा. माल आपल्या हद्दींत ठेवावा. पाट एकानें अडविला तर सारा फड सुकतो. गटार एकानें बुजविलें तर सारी गल्ली तुंबते.