कॅम्पमधलं जेवण

थायलंडची नूत्सारा तोमकोम व्हॉलीबॉलच्या जोरावर थेट तुर्कस्तानच्या फेनरबाह्चे क्लबपर्यंत पोचली. आता आपल्या बारामती-इंदापूरकडे या. शाळेच्या ग्राउंडवर दोन खांब रोवलेले, पोरी खो-खो खेळतायत. बरं, पुढे काय? यांना फॉरेनचा कुठला क्लब बोलावणार?

म्हणून आज धाराशिवची सारिका काळे. तेराव्या वर्षी खेळायला लागली. आई शिवणकाम करायची, आणि जवळपास दहा वर्षं घरात दिवसातून एकदाच जेवण. चांगलंचुंगलं खायला मिळायचं ते कॅम्प किंवा स्पर्धा असली की. खो-खोत बचाव करायचा म्हणजे सतत पळायचं, हुलकावणी द्यायची, खांबाला वळसा मारायचा. तेही अर्ध्या पोटी!

2016 ला गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या मुलींनी सुवर्ण जिंकलं. कॅप्टन सारिका. आणि त्याच वर्षी पैशाच्या अडचणीमुळे तिने खेळ सोडायचं ठरवलं, स्वतःला खोलीत कोंडून घेतलं. हे वाचल्यावर मी जरा वेळ मोबाईल बाजूलाच ठेवला, राव. आजीने कोच चंद्रजित जाधव सरांना सांगितलं, सरांनी समजावलं, ती परत मैदानात आली.

2020 ला अर्जुन पुरस्कार. खो-खोला तो तब्बल 22 वर्षांनी मिळाला. पण मला विचाराल तर त्याआधी लागलेली नोकरी जास्त मोठी. तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी. दर महिन्याला पगार.

तुमच्या गावात अशी कोणी खेळत असेल तर व्हॉइस नोट पाठवा.