कृपा की कमाई?

रविवारची मिस्सा आटोपली की मी मुलांना धर्मशिक्षण देते. काही वर्षांपूर्वी त्या वर्गाच्या भिंतीवर मी एक तक्ता लावला होता. डाव्या बाजूस मुलांची नावे आणि पुढे रिकामी घरे. मिस्सेस आले, प्रार्थना पाठ केली, घरी आईला मदत केली, की एक सोनेरी चांदणी चिकटवायची. तक्त्याचा गुण लवकर दिसला. मुले वेळेवर येऊ लागली आणि मी मनातून खूश झाले. प्रथम कम्युनियनचा दिवस जवळ आला असता एक मुलगी वर्ग सुटल्यावर मागे रेंगाळली. तिचे वडील अंथरुणाला खिळलेले, आई कामावर जाणारी. कित्येक रविवारी तिला घर सोडता आले नव्हते. खाली मान घालून ती म्हणाली, “बाई, माझ्या चांदण्या कमी आहेत. येशू माझ्याकडे येईल ना?”

मी तोंडाने कृपेचा धडा शिकवीत होते आणि माझी भिंत नेमके त्याच्या उलट शिकवीत होती. मुलांनी भिंतीचे ऐकले.

कृपा हा शब्द मराठी कानाला परका नाही. ख्रिस्ती श्रद्धेत त्याचा अर्थ असा की, परमेश्वर मनुष्याची पात्रता मोजून नव्हे, तर आपण होऊन त्याला जवळ करतो. आणि सत्कर्म करण्याचे बळही तोच देतो. संत पौलाने रोमकरांस लिहिताना हा भेद साध्या व्यवहारातून दाखविला आहे. काम करणाऱ्याला मिळते ती त्याची मजुरी. तिला कोणी उपकार म्हणत नाही. गलतीया प्रांतातील मंडळ्यांत असे उपदेशक शिरले होते की, जे म्हणत, ख्रिस्तावर श्रद्धा ठेवा, परंतु सुंता केल्याविना भागावयाचे नाही. त्यांनी ख्रिस्ताला नाकारले नव्हते, त्याला केवळ एक पुरवणी जोडली होती. पौल आपल्या पत्रांच्या आरंभी बहुधा वाचकांविषयी देवाचे आभार मानतो. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात ते आभार नाहीत. तो एकदम रागावूनच बोलू लागतो.

खोटी शिकवण खोट्या माणसाच्याच तोंडून येते, ही आपली समजूत मात्र भोळी आहे. पेलाजियस हा ब्रिटनकडून रोमला आलेला तपस्वी. त्याचे आचरण शुद्ध होते, हे त्याचे विरोधक संत ऑगस्टीनही मान्य करीत. रोममधील ख्रिस्ती लोकांचे ढिले वर्तन पाहून तो अस्वस्थ झाला. देवाने आज्ञा दिली त्या अर्थी ती पाळण्याची शक्ती मनुष्याच्या स्वभावातच दिली आहे, तेव्हा सबबी पुरे, असा त्याचा उपदेश असे. आम्हा शिक्षकांना हे वाक्य किती गोड वाटते! ‘मनावर घेतलेस तर जमेल,’ हे आम्ही वर्गात दिवसातून दहा वेळा म्हणतो, आणि गणिताच्या बाबतीत ते पुष्कळ अंशी खरेही असते.

इ. स. ४१० मध्ये गॉथ लोकांनी रोम लुटले. त्या धामधुमीत पेलाजियस आफ्रिकेत आणि तेथून पॅलेस्टाईनला गेला. ४१५ साली तेथील धर्मसभेने त्याला निर्दोष ठरविले, इतके त्याचे बोलणे सुसंस्कृत व शास्त्रशुद्ध वाटे. पुढे ४१८ साली कार्थेज येथे जमलेल्या महागुरूंनी त्याच्या मताचा निषेध केला. ऑगस्टीनने या वादात जो युक्तिवाद केला, तो मला सर्वांत उपयोगी वाटतो. तो म्हणतो, ख्रिस्तसभा प्रार्थना कशी करते ते पाहा. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत आपण रोज क्षमा मागतो, मोहातून राखण्याची याचना करतो. जे आपल्याच अंगच्या बळाने साधते, ते मागावयाचे कशाला?

ही कसोटी हातात धरली की पुष्कळ गोष्टी उघड्या पडतात. या प्रार्थनेच्या अमुक इतक्या प्रती छापून वाटा, म्हणजे इच्छा पुरी होईल, नाहीतर अरिष्ट येईल, असे कागद अनेकांच्या घरी येतात. कोणी सांगतो, दान वाढवा, देव दुप्पट करून देईल. त्यात येशूचे नाव असते, मेरीमातेचे चित्रही असते. पण ती याचना नसते, हिशेब असतो. आणि ज्याचा हिशेब चुकला, ज्याचे मूल नोवेना करूनही दगावले, त्याला अशा शिकवणीत जागा कुठे आहे? त्याने दुःख सोसावे आणि वर आपल्या श्रद्धेत खोट होती, हा आरोपही सोसावा! ही शिकवण मला नुसती चूक वाटत नाही, निर्दय वाटते.

याच्या उलट टोकाचीही एक चूक आहे. कृपा आहे ना, मग आपण हातपाय कशाला हलवावे? दक्षिणेतील श्रीवैष्णवांत मांजरीचे पिल्लू आणि माकडाचे पिल्लू यांच्या दृष्टान्ताने याच प्रश्नाचा खल झाला आहे. एकाला आई तोंडात धरून नेते, दुसरे आईला बिलगून राहते. १५४७ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने सांगितले की, कृपेवाचून केवळ स्वतःच्या कर्मांनी कोणी नीतिमान ठरत नाही. परंतु कृपेने जागी केलेली इच्छा निर्जीव वस्तूसारखी स्वस्थ पडूनही राहत नाही. याच प्रश्नावरून ख्रिस्ती लोकांत मोठी फूट पडली होती. १९९९ साली ऑग्सबर्ग येथे कॅथलिक व लुथरन यांनी, देव आपला स्वीकार करतो तो केवळ कृपेने, आपल्या गुणांमुळे नव्हे, असे संयुक्त निवेदन केले. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ मध्ये पेलाजियसच्या मताचे नवे अवतार पुन्हा दाखवून दिले, तेव्हा मला माझा तक्ता आठवला.

त्या मुलीला मी विचारले, “कम्युनियन घेण्याआधी आपण सारे काय म्हणतो?” तिला ते पाठ होते. प्रभू माझ्या घरी यावा इतकी माझी योग्यता नाही, हे तिने म्हणून दाखविले. मी म्हटले, “हे फादरसुद्धा म्हणतात, मीही म्हणते. आणि तरीही तो येतो.” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “फादरच्यासुद्धा कमी असतात?”

ती त्या दिवशी रांगेत होती. तक्ता मी काढून टाकला, आणि पुढच्याच रविवारी चार मुले उशिरा आली.