तपासणीच्या आदल्या रात्रीचा अभ्यास



संयोजकांनी मला ‘साठीनंतरचे आरोग्य’ हा विषय दिला आणि वेळ दिली दहा मिनिटे. एवढ्या वेळात सगळे आरोग्य मावणार नाही, म्हणून रक्तातील साखरेच्या तपासणीबद्दलच बोलते.

पॅथॉलॉजी लॅबमध्ये इतकी वर्षे काम करताना एक सवय फार पाहिली. तपासणीची तारीख ठरली की चार दिवस गोड बंद, भात बंद, सकाळचे फिरणे सुरू. रिपोर्ट बरा येतो आणि त्याच संध्याकाळी घरी जिलेबी येते. शाळेत आदल्या रात्री जागून आपण पास व्हायचो, तसलाच हा प्रकार. पण इथे फसवणूक डॉक्टरांची होत नाही, आपलीच होते.

उपाशीपोटीची साखर फक्त त्या सकाळचे चित्र दाखवते. किमान ८ तास उपाशी राहून ती १०० पेक्षा कमी असावी. १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाची पूर्वअवस्था, आणि १२६ किंवा जास्त असेल तर मधुमेह. मात्र काही त्रास नसेल तर एकाच रिपोर्टवर निदान करत नाहीत, पुन्हा तपासून खात्री करतात.

एचबीए१सी ही आपली तिमाही परीक्षा. रक्तातील साखर तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि या पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्यामुळे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. चार दिवसांच्या पथ्याने ती फारशी हलत नाही. ५.७ च्या खाली ठीक, ६.५ किंवा त्यावर मधुमेह, मधले सावध राहण्याचे. या तपासणीला उपाशी राहावे लागत नाही. मात्र लोह कमी असल्याने झालेल्या ॲनिमियात हा आकडा खोटा वाढू शकतो, आणि नुकतेच रक्त चढवले असेल तर तो फसवा येऊ शकतो. असे काही असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

मधुमेह असणाऱ्यांनी आणखी दोन तपासण्या वर्षातून एकदा कराव्यात. “क्रिएटिनिन नॉर्मल आहे” म्हणून अनेकजण निश्चिंत होतात. पण मूत्रपिंडाचे काम बरेच कमी होईपर्यंत क्रिएटिनिन नॉर्मल दिसू शकते. लघवीतून अल्ब्युमिन जाऊ लागते ते बहुधा त्याआधी, म्हणून लघवीची ती तपासणी मागून घ्या. दुसरी, बाहुली मोठी करून डोळ्याच्या पडद्याची तपासणी. नजर अंधूक होईपर्यंत थांबू नका. सुरुवातीला ना डोळा दुखत, ना मूत्रपिंड. म्हणूनच “मला काही त्रास नाही” हे वाक्य मला सर्वात जास्त घाबरवते.

गुरुजनांसाठी मात्र थोडे वेगळे. ऐंशीच्या पुढे साखर फार खाली आणण्याचा हट्ट नको. गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण राहिले तर साखर एकदम उतरते. घाम येतो, हात थरथरतात, बोलण्यात गोंधळ होतो, तोल जाऊन पडण्याची भीती असते. साखर ७० च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीवर असेल, गिळता येत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, दवाखान्यात न्या. त्यांच्यासाठी एचबीए१सीचे लक्ष्य किती ठेवायचे, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

मैत्रिणींनो, मित्रांनो, शेवटची विनंती. पुढच्या तपासणीआधी नेहमीसारखेच जेवा, नेहमीसारखेच वागा आणि खरा रिपोर्ट येऊ द्या. जुने रिपोर्ट तारीखवार एका फायलीत ठेवा, कारण एका आकड्यापेक्षा पाच वर्षांच्या आकड्यांची चाल डॉक्टरांना जास्त सांगते. वाईट गुण मिळाले तरी इथे कुणी बाकावर उभे करणार नाही. उलट, वेळेवर कळले तर सुधारायला वाव असतो.

पुढच्या स्नेहमेळाव्याला आपण सगळे एकमेकांना स्वच्छ पाहू शकू, एवढीच इच्छा.