आफ्रिकेतील हिमशिखर आणि आमची पूर्वतयारी
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणिसांनी "गुरुजी, यंदा आपण प्रवासावर बोला" अशी आज्ञा केली, तेव्हा आम्ही त्यांना आमची अडचण सांगितली. प्रवास करून आलेल्याने प्रवासावर बोलावे. आमचा प्रवास तर अजून व्हावयाचा आहे. त्यावर ते म्हणाले, "मग तयारीवर बोला. पोहोचल्यानंतरच्या गोष्टी आपल्या लोकांना पुष्कळ ऐकावयास मिळतात, निघण्यापूर्वीच्या कोणी सांगत नाही." हे म्हणणे आम्हांस पटले, आणि म्हणून हे चार शब्द.

येत्या फेब्रुवारीत आम्ही, आमच्या सौभाग्यवती, आमचे मेहुणे आणि त्यांची कन्या असे चौघे टांझानिया देशी जावयाचे योजिले आहे. तेथे किलिमांजारो पर्वतावर चढाई आणि तदनंतर सेरेंगेटीच्या रानातील वन्य पशूंचे दर्शन, असा दुहेरी बेत आहे. आपल्या पणजोबांच्या काळी समुद्र ओलांडणाऱ्यास परत आल्यावर प्रायश्चित्त घ्यावे लागे. आज तो प्रश्न उरला नाही. आज विचारतात ते इतकेच, "गुरुजी, या वयात हे कशाला?"

याचे उत्तर आमच्या वर्गात आहे. भूगोल शिकविताना आम्ही दरवर्षी सांगत असू की, विषुववृत्तापासून अवघे तीन अंश दक्षिणेस असलेल्या या पर्वताच्या माथ्यावर बर्फ आहे. एके वर्षी मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, "गुरुजी, तुम्ही पाहिलाय?" वर्ग हसला, आम्हीही हसलो, परंतु प्रश्न मनात राहिला. त्या मुलाची शंका अगदीच पोरकट नव्हती. १८४८ साली योहान्नेस रेबमान या जर्मन मिशनऱ्याने हा हिमाच्छादित डोंगर पाहून तसे लिहिले, तेव्हा विलायतेतील भूगोलपंडितांनी त्याची थट्टाच केली होती. आता तो बर्फही फार काळ राहील असे नाही. १९१२ पासून तेथील हिमाचा चार पंचमांशाहून अधिक भाग नाहीसा झाला आहे. जे आम्ही तीस वर्षे शिकविले, ते नष्ट होण्यापूर्वी एकदा पाहावे, ही इच्छा.

परंतु इच्छा म्हणजे तयारी नव्हे, हे आम्ही फार महाग शिकलो. ती हकीकत सांगावयास संकोच वाटतो, तरी सांगितलीच पाहिजे. २०१९ साली सेवानिवृत्त झाल्यावर आम्ही सपत्नीक लडाखला गेलो. विमानाने थेट लेह गाठले. लेह सुमारे ३५०० मीटर उंचीवर आहे. तेथे दोन दिवस स्वस्थ पडून राहावे असे आम्हांस सांगण्यात आले होते. रात्री डोके ठणकू लागले. सौभाग्यवतींनी विचारले, तर आम्ही "काही नाही, झोप झाली नाही" असे उत्तर दिले. जन्मभर मुलांना खरे बोलावयास सांगणारा शिक्षक आपल्या डोकेदुखीविषयी खोटे बोलला! दुसऱ्याच दिवशी आम्ही ५३५९ मीटर उंचीच्या खारदुंग खिंडीकडे मोटारीने निघालो. खिंडीत उतरताच वांत्या झाल्या, पाय लटपटू लागले आणि बोलणे अडखळू लागले. चालकाने प्रसंग ओळखून गाडी तत्काळ खाली आणली, रुग्णालयात प्राणवायू लावावा लागला आणि आम्ही वाचलो. सौभाग्यवतींची सहल मात्र रुग्णालयाच्या बाकावर बसून संपली. पुढे कित्येक दिवस त्या याविषयी एक शब्दही बोलल्या नाहीत. त्यांच्या त्या मौनातूनच आमच्या या तयारीचा आरंभ झाला.

उंचीवर जे होते त्याचे शास्त्र सोपे आहे. हवेतील प्राणवायूचे प्रमाण सर्वत्र तेच, म्हणजे सुमारे २१ टक्के असते; परंतु वर जावे तसा हवेचा दाब घटतो. किलिमांजारोचे शिखर ५८९५ मीटर उंच आहे आणि तेथे दाब समुद्रकिनाऱ्याच्या मानाने जवळजवळ निम्मा. म्हणजे तेथे दोन श्वासांत मिळते ते येथे एका श्वासात मिळते. शरीर या स्थितीशी जुळवून घेते, परंतु त्यास दिवस द्यावे लागतात. तीन हजार मीटरांवर गेल्यानंतर मुक्कामाची जागा रोज पाचशे मीटरांहून अधिक वर नेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा, असा वैद्यकीय दंडक आहे. डोकेदुखी, मळमळ, अन्नद्वेष ही पहिली लक्षणे. ती असता वर जाऊ नये. ती वाढली तर खाली उतरावे. दुर्लक्ष केल्यास फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साठून मृत्यू येतो. यात वयाचा मान नाही आणि तारुण्याची सूटही नाही.

हे समजल्यावर आमच्या भाचीने, म्हणजे मेहुण्यांच्या कन्येने, बेताचा कागद हाती घेतला. सह्याद्रीतील बहुतेक किल्ले तिचे पायांखालचे आहेत. ती म्हणाली, "आतोबा, आधी किती दिवस ते ठरवा, मग किती रुपये ते पाहू." पर्वतावर जाण्याच्या वाटा अनेक. मारंगू वाटेवर निजावयास लाकडी घरे आहेत, म्हणून ती सोपी वाटते; परंतु पुष्कळ लोक ती पाच दिवसांत उरकतात आणि तेथेच फसतात. आम्ही पश्चिमेकडील लेमोशो वाट निवडली, आणि तीही आठ दिवसांची. या वाटेवर एके दिवशी लाव्हा टॉवर नामक सुळक्यापर्यंत, म्हणजे सुमारे ४६०० मीटरांवर चढावयाचे आणि निजावयास सुमारे ३९५० मीटरांवरील बरांको तळावर उतरावयाचे. दिवसा उंच जावे, रात्री खाली निजावे, हे त्यातील मर्म. इतके करूनही वैद्यकीय दंडक पूर्णपणे पाळला जात नाही, म्हणून सावधगिरी सुटत नाही.

ऋतूचा विचारही आम्हांस नव्याने करावा लागला. शिक्षकाच्या मनात प्रवास म्हटला की मे महिना येतो. परंतु तेथे मार्चअखेरपासून मेपर्यंत मोठा पाऊस आणि नोव्हेंबरात लहान पाऊस. म्हणजे आपल्या उन्हाळी आणि दिवाळी अशा दोन्ही सुट्ट्या नेमक्या अयोग्य! चढाईस जानेवारी-फेब्रुवारी किंवा जून ते ऑक्टोबर हे महिने बरे. सेरेंगेटीत दहा लाखांहून अधिक विल्डबीस्ट गवत आणि पाऊस यांच्यामागे वर्षभर फिरत असतात. गुरासारखी शिंगे आणि घोड्यासारखी आयाळ असलेला हा प्राणी. फेब्रुवारीच्या सुमारास हे कळप दक्षिणेकडील एंदुतूच्या माळावर असतात आणि तेथेच त्यांची वासरे जन्मतात. मारा नदी ओलांडणारे कळप ज्यांस पाहावयाचे असतील, त्यांनी ऑगस्ट-सप्टेंबरात उत्तरेस जावे. पर्वत आणि पशू यांचा मेळ दोन्ही वेळी बसतो. आम्ही फेब्रुवारी निवडला.

आधी पर्वत, मग रान, हा क्रमही विचारपूर्वक ठरविला. चढाईनंतर शरीर थकलेले असते, तेव्हा मोटारीत बसून पाहण्याचे काम पुढे असलेले बरे. यांत सौभाग्यवतींची सोय आहे. त्यांनी स्पष्टच सांगितले, "मी डोंगर चढणार नाही, पण मोशी गावात बसून तुमची वाट पाहीन, आणि सिंह तुमच्याबरोबर पाहीन." चढणारे आम्ही दोघेच, आतोबा आणि भाची. त्या आठ दिवसांत सौभाग्यवती आणि मेहुणे पर्वताच्या पायथ्याशी चागा लोकांच्या केळीच्या आणि कॉफीच्या बागा पाहतील. नंतर चौघे मिळून तारांगिरे, सेरेंगेटी आणि एंगोरोंगोरो येथे जाऊ. तारांगिरे हे हत्तींचे आणि गोरखचिंचेच्या प्रचंड वृक्षांचे रान. आपल्याकडे तुरळक दिसणारी गोरखचिंच मूळची आफ्रिकेचीच. तिचे माहेर पाहावयास मिळेल. एंगोरोंगोरो म्हणजे खचलेल्या ज्वालामुखीची सुमारे सहाशे मीटर खोल परात. तिच्या तळाशी काळे गेंडे आजही चरतात. येथे एक खुलासा केला पाहिजे. आम्हांस पुष्कळांनी विचारले, वाघ दिसेल काय? आफ्रिकेच्या रानात वाघ नाही. त्यासाठी ताडोबास जावे.

आता शरीराची तयारी. गेले वर्षभर आम्ही रोज पहाटे दोन तास चालतो आणि महिन्यातून दोनदा भाची आम्हांस डोंगरावर नेते. कळसूबाई चारदा झाली, साल्हेर एकदा. यामुळे पाय तयार होतात आणि बूट पायांत बसतात. परंतु कळसूबाई १६४६ मीटर, किलिमांजारो तिच्या साडेतीन पट. सह्याद्रीत उंचीची सवय होत नाही, हे तरुणांनीही ध्यानात ठेवावे. डॉक्टरांनी हृदयाची तपासणी करून अनुमती दिली, रक्तदाबाच्या गोळ्या ठरवून दिल्या आणि उंचीच्या त्रासावरील गोळीही समजावून दिली. ही गोळी शरीरास जुळवून घेण्यास साह्य करते. घाईने वर जाण्याचा तो परवाना नव्हे. सपाटीवर हिवतापाचे भय, म्हणून त्यावरील औषध वेगळे. विमान केनियातून जात असल्यास पीतज्वराच्या लशीचा दाखला लागू शकतो. तो लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य होतो. साठीपुढील मनुष्याने ही लस डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नये, म्हणून आम्ही ही चौकशी तिकिटे काढण्यापूर्वीच केली. कपड्यांविषयी इतकेच, की शिखराकडे मध्यरात्री निघावे लागते आणि थंडी शून्याखाली दहा-पंधरा अंश असते. सबब एका जाड कोटापेक्षा पातळ कपड्यांचे अनेक थर बरे. रानात मात्र काळे आणि गडद निळे कपडे नकोत, कारण चावऱ्या त्सेत्से माश्या त्या रंगांकडे धावतात. प्लॅस्टिकच्या पिशव्यांना त्या देशात २०१९ पासून बंदी आहे.

पैशाची बाजू लपविणे योग्य नव्हे. चढाई, रान आणि विमानभाडे मिळून खर्च माणशी पाच लाखांच्या घरात जाईल. आम्हां उभयतांचा वाटा ग्रॅच्युइटीतून काढला. चिरंजीवांस हे प्रथम रुचले नाही. त्यांना त्या पैशांत घराचा मजला वाढवावयाचा होता. आम्ही त्यांस सर्व हिशेब दाखविला, आजारपणासाठी ठेवलेली रक्कमही दाखविली. ते म्हणाले, "बाबा, पैशाचं ठीक आहे. पण लेहसारखं पुन्हा करू नका." पैशापेक्षा हे वाक्य जड होते.

काही व्यावसायिक याच चढाईस बरेच कमी पैसे मागतात. ती काटकसर बहुधा दिवसांत केलेली असते, नाही तर हमालांच्या पोटात. आम्हां दोघांसाठी आठ-दहा माणसे तंबू, शिधा, पाणी वाहून नेणार. प्रत्येकावर वीस किलोंहून अधिक भार घालू नये असा नियम आहे. त्यांना मजुरी किती, जेवण किती वेळा, निजावयास तंबू कसा, हे प्रश्न आम्ही ठरविण्यापूर्वी विचारले आणि ज्यांनी नीट उत्तर दिले त्यांनाच काम दिले. ज्याच्या पाठीवर आपण चढतो, त्याची पाठ प्रथम पाहावी.

तेथील स्वाहिली भाषेचा थोडा अभ्यासही चालू आहे आणि त्यात मोठी मौज आहे. हिशेबास हेसाबू, खबरेस हबारी, दुनियेस दुनियाच, गाडीस गारी, कचुंबरीस काचुंबारी आणि विम्यास बीमा! सफारी हा शब्दही अरबीतील सफर. शेवटचा तळ बराफू, म्हणजे बर्फ. व्यापाराच्या शिडांतून शब्द किती दूर जातात, याचा हा पुरावा. विम्यावरून आठवले; सामान्य प्रवासविम्यात इतक्या उंचीची चढाई बहुधा येत नाही. सहा हजार मीटरांपर्यंत चालणारा विमा पाहून घ्यावा. सर्वांत उपयोगी शब्द मात्र 'पोले पोले', म्हणजे हळूहळू. वाटाडे दिवसभर हाच मंत्र म्हणतात असे ऐकतो.

आता मुख्य गोष्ट. आमच्या कागदांत पहिला कागद तिकिटाचा नाही. आमच्या हस्ताक्षरात लिहून सही केलेला एक करार आहे आणि तो भाचीपाशी आहे. त्यात तीन कलमे. पहिले, रोज सकाळ-सायंकाळ ती विचारील आणि आम्ही डोके, पोट, झोप यांचे खरे गुण सांगू. त्यासाठी तिने आमचे एक प्रगतिपुस्तकच केले आहे. जन्मभर दिले, आता घ्यावयाचे. दुसरे, वाटाड्या परत फिरा म्हणेल तेव्हा, शिखर हाताच्या अंतरावर असले तरी, वाद न करता परतावयाचे. तिसरे, आम्ही परतलो म्हणून भाचीने परतू नये, आणि ती परतली म्हणून आम्ही वर जाऊ नये. हे तिसरे कलम तिला मान्य नव्हते. "आतोबा, हा अन्याय आहे," ती म्हणाली. आम्ही म्हणालो, "असू दे. तुला घरी सुखरूप आणणे हे आमच्या शिखराहून उंच आहे." सौभाग्यवतींनी साक्षीदार म्हणून सही केली.

परत फिरणे ही नामुष्की नव्हे. हान्स मायर १८८७ साली या पर्वतावर बर्फाच्या कडेपर्यंत जाऊन, साधने अपुरी म्हणून परतला. १८८८ साली तेथील उठावात कैद झाला. १८८९ साली लुडविग पुर्टशेलरसह तोच पहिल्या प्रथम शिखरावर पोहोचला. पर्वत कोठे जात नाही. टांगानिका १९६१ साली स्वतंत्र झाला, तेव्हा या शिखरास उहुरू, म्हणजे स्वातंत्र्य, हे नाव मिळाले. आमच्या मते चढणाऱ्याचे खरे स्वातंत्र्य परत फिरण्याचे असते. ज्यास ते नाही, तो आपल्या हट्टाचा कैदी.

तरुण मित्रांनो, आपण प्रवासास निघाल तेव्हा कोठवर जाणार हे ठरविण्याआधी कोठून परतणार हे ठरवा, आणि ते ज्यांच्यावर तुमचा जीव आहे त्यांना सांगून ठेवा. आम्ही शिखरावर पोहोचलो तर मागच्या बाकावरील त्या मुलास, तो आता जेथे असेल तेथे, "होय, पाहिला" असे सांगू. बर्फाच्या अलीकडून परतलो तर "दुरून पाहिला" असे सांगू. दोन्ही उत्तरे खरी असतील, आणि पुढील वर्षी याच व्यासपीठावरून आम्ही त्यांतील एक आपणांस देऊ.