रॅम्प : जमीन आणि गाडी यांमधला लहानसा पूल
(पालक-मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या नागोठण्यात अंबा नदीवर जुना दगडी पूल आहे. सोळाव्या शतकात चौलच्या काझी अलाउद्दीन यांनी तो बांधला, असे सांगितले जाते. नदी आडवी आली म्हणून माणसाची वाट खुंटू नये, हाच पुलाचा हेतू. आज मी याहून फार लहान पुलाविषयी बोलणार आहे. चाकांच्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला जमीन आणि गाडीचा तळ यांमधले दोन फूट अंतरही नदीइतकेच अडवते. रॅम्प हा त्यावरचा पूल होय.

पाच वर्षांच्या मुलाला आई कडेवर घेऊन गाडीत बसवते. तेच मूल बारा वर्षांचे झाले म्हणजे आईची पाठ साथ देत नाही. मुलगी असेल तर तिला परक्या हातांनी उचलणे तिलाही नको असते आणि घरच्यांनाही. मग एके दिवशी शाळा सुटते. बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे, तर गाडीत चढता आले नाही म्हणून! पालकहो, हे नुकसान टाळणे आपल्या हाती आहे.

कायदा आपल्या बाजूला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम १६ प्रमाणे, शासनाचे अनुदान वा मान्यता असलेल्या शाळांनी दिव्यांग मुलांसाठी वाहतुकीची सोय करावी, अशी अपेक्षा आहे. कलम ४१ बस आणि रेल्वेच्या सोयींविषयी आहे. मुंबईत बेस्टकडे खालच्या तळाच्या, दाराशी रॅम्प असलेल्या बसगाड्या आल्या आहेत. पण नेहमीच्या उंच पायऱ्यांच्या बसला साधी फळी लावून भागत नाही. याचे कारण गणितात आहे.

इमारतीच्या रॅम्पचा चढ १२ फुटांस १ फूट, याहून जास्त नसावा, असा दंडक आहे. म्हणजे गाडीचा तळ २ फूट उंच असल्यास २४ फूट लांबीचा रॅम्प हवा. एवढी फळी कोण वाहून नेणार? आखूड फळी लावली तर चढ उभा होतो, खुर्ची मागे कलंडते. यावर सोपा उपाय आहे. शाळेच्या आवारात गाडीच्या तळाइतका उंच पक्का ओटा बांधावा. त्याला १२-१२ फुटांचे दोन चढ, मध्ये वळण्यापुरती सपाट जागा आणि दोन्ही बाजूंस कठडा असावा. गाडी ओट्याला भिडवली की मधली फट झाकण्यास लहान मजबूत फळी पुरते.

आता विद्यार्थी मित्रांनो, मदत कशी करावी ते नीट ऐका.

प्रथम विचारा, "मदत करू का? कशी करू?" न विचारता खुर्चीला हात लावू नये. गाडी महामार्गाच्या कडेला उभी न करता आत सपाट जागी घ्यावी. हातब्रेक ओढावा आणि चाकाला दगड लावावा. रॅम्प गाडीला आकड्याने किंवा साखळीने पक्का अडकवावा. पावसाळ्यात शेवाळ व चिखल पुसून वर खरखरीत पट्टी असल्याची खात्री करावी. ओढणी, पदर, बुरख्याचे टोक चाकात जाणार नाही असे सावरावे. कमरेचा पट्टा बांधावा.

एक नियम पाठच करा : बसलेल्याचे तोंड नेहमी चढाकडे, धरणाऱ्याची जागा नेहमी उताराकडे. चढताना खुर्ची मागून ढकलावी. उतरताना खुर्ची पाठमोरी करून आपण खालच्या बाजूस राहावे आणि एकेक पाऊल मागे टाकत यावे. चढ उभा असेल तर दुसऱ्याने वरच्या बाजूने खुर्चीची चौकट धरावी. हात ठेवण्याचे दांडे किंवा पाय ठेवण्याच्या पट्ट्या धरून उचलू नये, त्या निखळून हातात येतात.

गाडीत खुर्चीचे तोंड पुढे असावे. खुर्चीच्या ब्रेकवर विसंबू नये. पुढून दोन आणि मागून दोन अशा चार पट्ट्यांनी चौकट तळाशी बांधावी. माणसाला वेगळा पट्टा हवा. ही सोय नसेल तर त्याला आसनावर बसवून पट्टा लावावा आणि खुर्ची घडी करून बांधून ठेवावी.

दिव्यांग मुलाला दयेची नव्हे, सवडीची गरज असते. दोन मिनिटे थांबणारा चालक आणि घाई न करणारे सहप्रवासी एवढे लाभले तरी त्याचा दिवस सुखाचा जातो. पालकांनी आपल्या मोहल्ल्यात असे कोणते मूल घरी बसले आहे का, याची चौकशी करून शाळेस कळवावे. गवंडी, वेल्डर, सुतार आपल्यातच आहेत. येत्या उन्हाळी सुट्टीत, पावसापूर्वी, हा ओटा पुरा करण्याचे आपण मनावर घ्यावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.